रिसीव्हरचं माप: भांडण छेदाचं

अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूच्या, आकड्यांवरून होणारा वाद अंशाचा नसतो, छेदाचा असतो. झेल किती, यार्ड (झेलांतून पुढे सरकलेलं अंतर) किती, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) किती, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याला भागायचं कशाने, इथे गाडी अडते.

एनएफएल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या अधिकृत नोंदी १९३२पासूनच्या. १९४२मध्ये ग्रीन बे संघाच्या एका रिसीव्हरने ११ सामन्यांत १,२११ यार्ड केले. मोसमात हजार यार्डांपलीकडे जाणारा तो पहिला. तेव्हापासून हजार हा आकडा मानाचा झाला आणि खेळ बदलला तरी तोच राहिला. १९७८मध्ये पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्के देऊन अडवायला बंदी आली. त्याच वर्षी मोसम १४ऐवजी १६ सामन्यांचा झाला, २०२१मध्ये १७चा. आज सामन्यामागे ५९ यार्ड काढले तरी हजार होतात. १९४२च्या त्या खेळाडूची सरासरी होती ११०. मोसमाची एकूण बेरीज तुलनेला पुरत नाही, हे एवढ्यावरूनच कळतं.

मग ‘टार्गेट’ आलं. ज्याच्या दिशेने पास फेकला, त्याच्या नावावर एक टार्गेट. ऐकायला सोपं, पण सगळा घोळ याच शब्दाने घातला आहे. क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्याने, चेंडू डोक्यावरून दहा फूट उंच मारला, तरी रिसीव्हरच्या खात्यात एक संधी वाया गेल्याची नोंद होते. उलट, बचावपटूने नियम मोडून त्याला अडवलं आणि संघाला त्या दंडाचे ४० यार्ड मिळाले, तर त्यातला एकही त्याच्या नावावर लागत नाही.

२०१२मध्ये डेट्रॉइटच्या रिसीव्हरने १,९६४ यार्डांचा विक्रम केला. टीका लगेच आली: दोनशेहून जास्त टार्गेट, त्यातले झेल १२२, टचडाउन फक्त ५, आणि संघाने सामने जिंकले ४. त्या मोसमात त्याच्या क्वार्टरबॅकने ७२७ पास फेकले होते, म्हणून यार्ड फुगले, असा युक्तिवाद. २०१९मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रिसीव्हरने १४९ झेलांचा विक्रम केला, तेही १८५ टार्गेटांत. त्याच्यावर आरोप उलटा: सगळे जवळचे, सोपे पास. झेलांचं प्रमाण पाहिलं तर एकाचं साधारण ६० टक्के, दुसऱ्याचं ८०. टार्गेटमागे यार्ड पाहिले तर दोघेही नऊ-साडेनऊच्या आसपास. एकाच छेदातून दोन निकाल निघतात, आणि जो तो आपल्या सोयीचा उचलतो.

माझ्या मते मूळ चूक टार्गेटला खर्च मानण्यात आहे. दोन-दोन बचावपटू मागे लावूनही क्वार्टरबॅक पुन्हा पुन्हा ज्याच्याकडे बघतो, त्याने ती नजर कमावलेली असते. म्हणूनच धावलेल्या प्रत्येक रूटमागे (पाससाठी मोकळं व्हायला घेतलेल्या प्रत्येक धावेमागे, पास येवो न येवो) यार्ड मोजण्याची पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. तिच्यात मोकळं न होणाऱ्याला लपायला जागा नाही. पण पास कमी फेकून चेंडू घेऊन पळण्यावरच भर देणाऱ्या संघात हा आकडा फुगू शकतो, हेही खरं.

२०१४पासून खेळाडूंच्या खांद्यांच्या पॅडमध्ये चिप बसवायला सुरुवात झाली, तेव्हा आता भांडण मिटेल असं वाटलं होतं. रिसीव्हर आणि जवळच्या बचावपटूमधलं अंतर यार्डांत दिसू लागलं. पण सगळीकडे छापला जाणारा अंतराचा आकडा मोजतात तो चेंडू झेलला किंवा सुटला त्या क्षणी. म्हणजे ज्याच्याकडे पास गेलाच नाही, तो कितीही मोकळा असला तरी या हिशेबात येतच नाही.