फाटका ओठ दिसतो, फाटकी टाळू शोधावी लागते

वासराचा ओठ फाटका निघाला की गोठ्यात माणसं गोळा होतात. वरच्या ओठाची चीर लांबून दिसते. नुसता ओठच फाटका असेल तर वासराला सड नीट धरता येत नाही, दूध सांडतं, पण बाटलीने पाजून ते जगवता येतं. पुढे डॉक्टर टाके घालून ओठ शिवूही शकतात. ओठाचं एवढंच.

घात करते ती टाळू. आमच्या साताऱ्यातल्या खटाव-माणकडे अजून ऐकू येतं, ‘ओठ चांगलाय, मग तोंडात काय असणार?’ हे साफ चूक आहे. ओठ धड आणि आत टाळूला फट, अशी वासरं जन्मतात आणि तीच हातची जातात. टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधलं छत. त्याला फट असली की चोखताना ओढ बसत नाही, दूध नाकात चढतं, श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

आमच्या खिलार गाईची कालवड अशीच गेली. प्यायली की दोन्ही नाकपुड्यांतून पांढरे बुडबुडे यायचे. चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, जास्त झाला म्हणून आम्ही पाजणं कमी केलं, वर सर्दीचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी मोबाईलच्या उजेडात जबडा उघडला, तर टाळूच्या मधोमध करंगळी जाईल एवढी चीर. तोवर छाती घुरघुरायला लागली होती.

नाकातून दूध आलं म्हणजे टाळूच फाटली, असंही नाही. तोंड वर धरून तांब्याने दूध ओतलं तर धडधाकट वासरूही ठसकतं. ही ओतायची सवय आधी सोडा. मान सरळ ठेवून वासराला स्वतःच्या ओढीने पिऊ द्या. तरीही दर वेळी नाकातून दूध आलं, तर नखं कापून, हात धुऊन टाळूवरून बोट फिरवा. आडव्या खरबरीत वळ्या लागतील. मधे खाच लागता कामा नये. घशाकडची मऊ टाळू बोटाला नीट कळत नाही, ती डॉक्टरांनाच दाखवा. पण तोवर वासरू उपाशी ठेवू नका. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात जायची वाट साधारण 24 तासांत बंद होते. पहिल्या काही तासांतच डॉक्टरांकडून नळीने चीक पोटात सोडून घ्या.

आणि ग्रहणाचं खूळ. गाभण गाईला ग्रहण लागलं की वासराची टाळू फाटते म्हणे. टाळू गाभणपणाच्या दुसऱ्या महिन्याच्या सुमारास जुळते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने जुळलेली टाळू कशी फाटेल? हा दोष काही वेळा आनुवंशिक असतो. फ्रान्सच्या शारोले जातीत तो वाकड्या, आखडलेल्या पायांसोबत येतो. म्हणून पाय वाकडे दिसले तर टाळू लगेच बघा. कृत्रिम रेतनाच्या कांडीवरचा, म्हणजे वीर्याच्या बारीक नळीवरचा, वळूचा नंबर वहीत लिहून ठेवा, त्या गाईला तोच वळू पुन्हा देऊ नका. असा खोंड जगलाच, तर पुसेगावच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात उठून दिसेल इतका देखणा झाला तरी पैदाशीला सोडू नका.