पाण्यातला छोटा कॅमेरा, त्याचा डबा आणि ‘वॉटरप्रूफ’ शब्दाचा घोळ

नागपुरात कॅमेरा घ्यायचा म्हणजे वाघासाठी घ्यायचा, हे जवळपास ठरलेलंच आहे. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला सगळं हाताशी, त्यामुळे बर्डीवरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ‘झूम किती?’ हाच. पण इथली बरीच पोरं आता मालवण, नेत्राणी, अंदमानला डायव्हिंग करून राहिली, आणि परत आली की विचारतात, भाऊ, पाण्यात न्यायला छोटा कॅमेरा कोणता घेऊ? एक रात्र गाडीत काढल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावात हा प्रश्न विचारला जातो याचंच मला कौतुक आहे. पण प्रश्न उलटा आहे. आधी डबा बघायचा आणि मग त्यात बसणारा कॅमेरा, आणि हे असं का झालं त्याला थोडा इतिहास आहे.

(हाउसिंगला, म्हणजे कॅमेरा पाण्यात नेताना ज्या पाणबंद पेटीत घालतात तिला, मी डबाच म्हणणार. आमच्याकडे ‘हाउसिंग घेतलं’ म्हटलं की लोक विचारतात, कोणत्या सोसायटीत?)

पाण्यात खोल गेलं की लाल रंग कुठे जातो, फ्लॅश का लागतो, हे डायव्हिंगवाल्यांना सांगायची गरज नाही. जुना इतिहासही थोडक्यात सांगतो. १८९३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका प्राणिशास्त्रज्ञानं कॅमेरा पाणबंद पेटीत घालून फोटो काढले, १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ मॅग्नेशियमची पूड पेटवून पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो निघाले. म्हणजे कॅमेरा साधा आणि पेटी वेगळी ही कल्पना सगळ्यात जुनी. दुसरी कल्पना १९६० च्या सुमाराची, पेटीच नको, कॅमेराच पाण्यातला बनवा. त्यातून आला निकॉनॉस. १९६३ पासून तो एका जपानी कंपनीनं विकला, १९८४ चं पाचवं मॉडेल सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात आहे, १९९२ मध्ये त्याचा ऑटोफोकसवाला भाऊ आला, आणि २००१ मध्ये ते दुकान बंद झालं. फिल्मचा काळ, एका डुबकीत ३६ फोटो, आत रोल बदलायची सोय नाही. ते संपलं याचं फार दुःख करण्यात अर्थ नाही.

आपल्या कामाचा इतिहास सुरू होतो २००० नंतर. डिजिटल कॉम्पॅक्ट आले, मागे स्क्रीन आली, आणि डब्याचं गणित एकदम सोपं झालं कारण आता डोळा व्ह्यूफाइंडरला लावायची गरजच उरली नाही, मास्क घातलेल्या माणसाला हात लांब धरून फ्रेम दिसते. कंपन्या स्वतःच पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक डबे विकायला लागल्या, बहुतेक ४० मीटरचे. मौजेसाठी डायव्हिंग करणाऱ्यांची खोलीची हद्दही साधारण तीच, त्यामुळे ४० हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला. कॅननचे एस९५, जी१२, मग जी१५, जी१६ असे कॅमेरे आणि त्यांचे डबे, हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळायची, मॅन्युअल सेटिंग मिळायचं, आणि डबा कॅमेऱ्याच्या शेजारी त्याच शेल्फवर असायचा (मुंबईच्या शेल्फवर. नागपुरात तेव्हाही नव्हता, कोणीतरी सिंगापूरहून आणायचं).

खोट एकच होती. दरवर्षी नवीन मॉडेल, आणि नवीन मॉडेलमध्ये एखादं बटण तीन मिलिमीटर इकडे नाहीतर तिकडे. डब्याचा बटण दाबणारा दांडा जुन्या जागी, बटण नव्या जागी, झालं, डबा बाद. कॅमेरा विकून थोडे पैसे तरी यायचे, डब्याला कोणी विचारत नसे. मालवणला एका ओळखीच्या दादांकडे असे तीन डबे होते, एकात ते चक्क वहिनींचे सुईदोरे ठेवायचे.

आता तो शब्द. वॉटरप्रूफ.

मराठीत जलरोधक म्हणायला हवं म्हणे, पण म्हणतं कोण. पावसाळ्याआधी गच्चीला करतात तेही वॉटरप्रूफ, गॅरेजमधल्या स्कूटरचं कव्हरही वॉटरप्रूफ, आणि कॅमेराही. शब्द एक, अर्थ चार, आणि खरा घोळ आकड्यांचा. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ३० मीटर खोल जा असा नाही, हात धुताना, पावसात भिजताना चालेल एवढाच. म्हणूनच घड्याळांच्या बाबतीत ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वापरू नये असं केव्हाच ठरलं आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ आलं. मोबाइलवर आयपी६८ लिहिलेलं असतं, धूळ-पाणी किती अडतं त्याचा तो दर्जा. त्यातला शेवटचा ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त, पण किती जास्त आणि किती वेळ हे त्या कंपनीनंच सांगायचं असतं, म्हणून एका फोनचा ८ आणि दुसऱ्याचा ८ सारखे नसतात. काही फोनना सहा मीटर अर्धा तास सांगतात, तेही गोड्या पाण्यात, आणि पाणी गेलंच तर वॉरंटी बहुधा हात वर करते.

आणि कॅमेऱ्यावर ‘१५ मीटर’ लिहिलं असेल तर? तिथे तो आकडा खरंच १५ मीटर खोलीचा असतो. ऑलिंपसच्या टीजी या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांच्या मालिकेच्या पुस्तिकेत १५ मीटर आणि एक तास असं सरळ दिलेलं असतं. म्हणजे घड्याळ वापरून शहाणा झालेला माणूस कॅमेऱ्याच्या आकड्यावर विनाकारण अविश्वास दाखवतो, आणि फोन नळाखाली धुणारा माणूस कॅमेरा घेऊन बिनधास्त २५ मीटरला जातो. दोघंही चुकतात, उलट्या दिशेनं.

यात भर म्हणून एक गोष्ट सगळे एकमेकांना सांगत असतात की हात हलवला की दाब वाढतो, म्हणून १५ मीटरचा कॅमेरा प्रत्यक्षात पाचच मीटरचा समजायचा. मला हे अजिबात पटत नाही. सेकंदाला एक मीटर वेगानं हात फिरवला तरी त्यानं वाढणारा दाब जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्याएवढा असतो, हिशोब करून बघा. बोटीवरून उडी मारताना बसणारा दणका वेगळा, तो मान्य. पण कॅमेरे बुडतात ते बहुतेक केसामुळे, वाळूच्या कणामुळे, सुकलेल्या रबरामुळे आणि नीट न लागलेल्या झाकणामुळे. उलट ओ-रिंग (झाकणाच्या कडेचं रबरी कडं) खोलवर जास्त घट्ट बसते, कारण पाणीच तिला खाचेत दाबतं. म्हणून पाणी शिरण्याचे कितीतरी प्रकार वरच, पहिल्या एक-दोन मीटरमध्ये होतात, आणि काही तर डायव्हनंतर कॅमेरा धुवायच्या टबात.

खरी अडचण आकडा खोटा असण्याची नाही, आकडा अपुरा असण्याची आहे. डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं, कॅमेरा १५ चा. हे तीन मीटर कोणी लक्षातच घेत नाही. मालवणला पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टरचा हात धरून उतरणारे १२ मीटरच्या आत असतात, तिथे नुसता टीजी चालून जातो. कोर्स झाला, माणूस खडकाची कड धरून खाली गेला, मासा सतरा मीटरवर, मग काय करणार? म्हणूनच वॉटरप्रूफ कॅमेऱ्यालाही डबा निघाला. टीजी-६ चा डबा ४५ मीटरचा. दुकानदाराला हे पटवून देताना मी थकलो आहे. "सर, कॅमेरा तर वॉटरप्रूफच आहे, त्याला अजून डबा काहून?" त्याचं चुकत नाही, शब्दच तसा आहे. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला डब्यात घालण्याचा खरा फायदा मात्र खोलीपेक्षाही वेगळा आहे. डब्यात चार थेंब शिरले तरी कॅमेरा वाचतो. साध्या कॉम्पॅक्टला ते चार थेंब पुरतात.

इकडे दुसरा रस्ताही तयार होत होता. २०१२ मध्ये सोनीचा आरएक्स१०० आला, खिशात मावणारा आणि एक इंच सेन्सरवाला (एक इंच हे नुसतं नाव, जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळीवरून आलेलं, सेन्सरची लांब बाजू १३.२ मिलिमीटरच आहे). फोटोचा दर्जा एकदम वर गेला आणि बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्यासाठी अॅल्युमिनियमचे डबे काढले, पुढे ६७ मिलिमीटरचे आटे असलेले, म्हणजे पाण्यातच वाइड किंवा मॅक्रो लेन्स लावायची, पाण्यातच काढायची. कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या बऱ्याच डब्यांना ही सोय नव्हती. तिसऱ्या ते पाचव्या मॉडेलपर्यंत झूम २४ ते ७० मिलिमीटर होता, आणि अशी पाण्यात लावायची वाइड लेन्स (वेट लेन्स) छान बसायची.

मग २०१८ चं सहावं मॉडेल, झूम २४ ते २००. फिरायला जाणाऱ्यांना आनंद, ताडोबावाल्यांनाही बरं वाटलं असेल, पाण्यातल्या लोकांचा मात्र घात. लेन्स लांब बाहेर येते म्हणून डब्याचं नाक लांब करावं लागलं, आणि वाइडला असताना लेन्स त्या नाकात मागे राहते, मग पुढे वेट लेन्स लावली की फोटोचे कोपरे काळे. कंपनीला दोष देता येत नाही, तिचं गिऱ्हाईक जमिनीवर आहे. पण वाघाच्या फोटोतला गुण पाण्यात दोष ठरतो. जंगलात मधे हवा असते, पाण्यात मधे पाणी, आणि पाण्यातून झूम करणं म्हणजे गढूळपणाच मोठा करणं. जितकं जवळ जाल तितकं बरं. टीजी एक सेंटिमीटरवरून फोकस करतो, तो डायव्हरना आवडतो तो त्यासाठी, वॉटरप्रूफ आहे म्हणून नाही.

त्यानंतरची गोष्ट फोनची. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत, आणि सगळ्यात जास्त मार खाल्ला तो कॉम्पॅक्टनी. नवीन मॉडेलच कमी, तर डबे कोण काढणार? आलेल्या काही मॉडेलांतून फ्लॅशही गायब झाला, व्हिडिओवाल्यांना तो नको असतो म्हणून, पण पाण्यातला बाहेरचा फ्लॅश ऑप्टिकल केबलनं पेटवायला बहुधा आतला फ्लॅशच लागतो. टीजी टिकला त्याचं एक कारण मला वाटतं की त्यांनी बटणं हलवली नाहीत. २०१९ च्या टीजी-६ चा डबा २०२३ च्या टीजी-७ लाही चालतो. चार वर्षं जुना डबा नव्या कॅमेऱ्याला, हे आधीच्या काळात कोणी ऐकलं नव्हतं.

राहता राहिलं आपल्या गावाचं. डबा आला की आम्ही तो कूलरच्या टाकीत तपासतो. आत कॅमेरा नाही, फक्त टिश्यू पेपर, आणि रिकामा डबा तरंगतो म्हणून वर वरवंटा ठेवायचा. अर्ध्या तासानं काढायचा, पुसायचा, उघडायचा, कागद कोरडा तर पास. मे महिन्यात एका मित्रानं हे असंच केलं, कॅमेरा आत घालूनही केलं, काच स्वच्छ, धुकं नाही, म्हणून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यानं घरीच ठेवल्या. मालवणला बोटीवर डबा उघडला, बॅटरी बदलली, बंद केला. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत, मालवणची घामाची, ती ओली हवा आत कोंडली गेली आणि खाली गार पाण्यात उतरल्यावर चौथ्या मिनिटाला काचेवर वाफ. पॉलिकार्बोनेट उष्णता पटकन सोडत नाही, कॅमेरा आत तापत राहतो, सगळ्यात गार पुढची काच, पाणी तिथेच जमतं. त्या डायव्हचे त्याच्याकडे ११२ फोटो आहेत. सगळे मासे दुधात पोहून राहिले.