चार्जर एवढासा कसा काय झाला?

घरात जुन्या रेडिओचा बॅटरी एलिमिनेटर (सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवायचा डबा) पडलेला असेल तर हातात घेऊन बघा, चांगलाच जड लागतो, आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो ना. त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पावर देणारा मोबाईलचा चार्जर मात्र खिशात मावतो. ही करामत एसएमपीएसची, म्हणजे चार्जरमधल्या स्विच मोड पावर सप्लाय या सर्किटची.

सोलापूरकरांना हे पाण्यावरून पटकन कळेल. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आपण बॅरल भरून ठेवतो. आता बॅरलमधलं पाणी स्वयंपाकघरात न्यायला ५० खेपाच करायच्या तर हंडा लागतो, तेवढ्याच वेळात ६५ हजार खेपा जमल्या तर चमचा पण पुरतो. घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाटा, सावकाश, म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर हंड्यासारखा. एसएमपीएस आधी २३० व्होल्ट एसीचं (उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेची वीज) करतो आणि कपॅसिटरमध्ये, म्हणजे विजेच्या बॅरलमध्ये, साठवतो, तिथं साधारण ३२५ व्होल्ट असतात (२३० हा सरासरीसारखा आकडा, लाटेचं टोक १.४१ पट वर असतं). मग मॉस्फेट नावाचा स्विच ते डीसी सेकंदाला हजारो वेळा, बऱ्याच चार्जरमध्ये ६५ हजाराच्या आसपास, चालू-बंद करतो. चालू असताना छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) कोअरमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की ती दुसऱ्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यातून) बाहेर पडते, डायोड-कपॅसिटर तिला सरळ करून ५ व्होल्ट देतात. स्विच एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधे रेंगाळत नाही, त्यामुळं उष्णता कमी.

मला सगळ्यात भारी वाटतो तो पुढचा भाग. आउटपुट जरा घसरलं की ऑप्टोकपलर नावाच्या भागातला बारका एलईडी उजेडातून स्विचकडं निरोप धाडतो, ३२५ व्होल्टची बाजू आणि मोबाईलची बाजू यांच्यात तारेचा संबंधच नाही, म्हणून मोबाईलला हात लावला तरी शॉक बसत नाही. निरोप मिळाला की स्विच थोडा जास्त वेळ चालू राहतो. यंत्रमागाच्या भागात व्होल्टेज १८० वर आलं तरी चार्जर कुरकुरत नाही ते यामुळंच, त्याच्यावर १००-२४० छापलेलं असतं बघा.

याचा वैरी म्हणजे आपला मे महिना. ४३ डिग्रीत बंद डबीतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकत जातो, ढोबळमानानं दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं होतं. टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स चालू-बंद, चालू-बंद करायला लागला की मेकॅनिकला पहिल्यांदा वरून फुगलेला कपॅसिटर शोधायला सांगा, बहुतेक वेळा तोच असतो आणि थोडक्या पैशात बदलून मिळतो. पण स्वतः उघडायला जाऊ नका, प्लग काढल्यावरसुद्धा ते ३२५ व्होल्ट मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ राहू शकतात.