पहिल्या भेटीआधी: मुलाच्या विकासाबद्दल पालकांसाठी

आमच्या केंद्रात येणारे पालक पुष्कळदा सांगतात, "घरचे म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले." काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण कोणते मूल नुसते उशिरा बोलणारे आणि कोणाला मदत हवी, हे वाट बघून कळत नाही, तपासावे लागते.

बसणे, चालणे, बोलणे, समजणे, इतरांत मिसळणे यांतले काही फार उशिरा किंवा वेगळ्या रीतीने येते आणि त्याचा परिणाम रोजच्या जगण्यावर दीर्घकाळ राहतो, तेव्हा त्याला विकासात्मक अक्षमता म्हणतात. ऑटिझम (इतरांशी संवाद साधणे, मिसळणे वेगळ्या रीतीने होणे), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणे), बौद्धिक अक्षमता ही त्यातली काही. डाउन सिंड्रोममुळेही अशी अक्षमता येते; त्यात २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते.

मूल ९ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, १८ महिन्यांचे झाले तरी चालत नाही, २ वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही, तर दाखवून घ्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

शब्दांइतकेच बोटाकडेही लक्ष द्या. दीड वर्षाचे मूल विमान दिसले की बोट दाखवते आणि लगेच वळून तुमच्याकडे बघते, तुम्हीही पाहिलेत ना याची खात्री करायला. हे होत नसेल, नाव घेतल्यावर मूल वळत नसेल, तर चार शब्द येत असले तरी या. बाळ पहिल्या वर्षातच एकच हात वापरत असेल, तर 'डावखुरा असेल' म्हणून सोडून देऊ नका. इतक्या लवकर हात ठरत नाही, दुसऱ्या हाताची ताकद तपासायला हवी. आणि येत असलेले शब्द किंवा कौशल्य गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

आईचे काही चुकले म्हणून ऑटिझम होत नाही. लसीमुळेही नाही. तशी शंका पसरवणारा १९९८चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१०मध्ये मागे घेतला. घरात दोन भाषा बोलल्या जात असतील तर खुशाल बोला, त्यानेही ऑटिझम होत नाही.

बोलण्याची तक्रार असेल तर आम्ही आधी कानांची तपासणी करून यायला सांगतो. निदानाचे नाव ठरायला वेळ लागतो, पण स्पीच थेरपी (बोलण्यासाठीचे उपचार) किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून दिलेले उपचार) त्यासाठी अडून राहत नाही. आठवड्यातले एक-दोन तास मूल आमच्याजवळ, बाकी सगळा वेळ तुमच्याजवळ. म्हणून आम्ही तुम्हालाही सत्रात बसवतो. अंघोळीच्या वेळी एक तांब्या पाणी घालून थांबायचे, मूल बघेल, हात पुढे करेल किंवा आवाज काढेल, मग दुसरा घालायचा. अशी साधी कामे आम्ही शिकवतो.

पहिल्या भेटीला जन्माच्या वेळची फाइल आणा. घरी खेळताना, जेवताना काढलेले दोन-तीन व्हिडिओही आणा. नव्या खोलीत मूल बुजते, त्याचे खरे रूप त्या व्हिडिओंतच दिसते.