हवामानाचं प्रारूप चालवण्याआधी: स्पॅक आणि सोर्सवरून सॉफ्टवेअर

‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामानाचं प्रारूप फुकट मिळतं. पण त्याला नेटसीडीएफ ही डेटा फाइली लिहिण्या-वाचण्याची लायब्ररी लागते, तीही सी आणि फोर्ट्रान या भाषांसाठीच्या दोन भागांत. नेटसीडीएफला एचडीएफ५ ही आणखी एक डेटा लायब्ररी, तिला झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी, आणि बहुतेकांना एमपीआय, म्हणजे अनेक प्रोसेसना आपसात बोलू देणारी लायब्ररी. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत किंवा आयसरच्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर काम करायला आलेला नवा विद्यार्थी अडतो तो इथेच.

भाग मिळतात सगळे, पण ते एकमेकांशी जुळावे लागतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. जीफोर्ट्रान या कंपायलरने (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार केलेली नेटसीडीएफची मॉड्यूल फाइल इंटेलच्या फोर्ट्रान कंपायलरला वाचता येत नाही. बांधताना वापरलेली एचडीएफ५ची हेडर फाइल एका आवृत्तीची आणि प्रोग्रॅम चालताना सापडलेली लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असेल, तर प्रोग्रॅम इशारा छापून तिथेच बंद पडतो. लिनक्सच्या ‘एपीटी’ने तयार पॅकेज बसवावं म्हटलं तर रूट, म्हणजे यंत्राच्या व्यवस्थापकाची परवानगी हवी, आणि सामायिक यंत्रावर ती कोणी देत नाही, देऊही नये.

अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१३ साली सुरू झालेलं स्पॅक हे सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बांधून बसवणारं साधन नेमकं या जुळवाजुळवीसाठी आहे. काय हवं ते एका ओळीत लिहायचं: ‘एचडीएफ५@१.१४ +एमपीआय %जीसीसी ^ओपनएमपीआय’. @ म्हणजे आवृत्ती, + म्हणजे पर्याय चालू (~ म्हणजे बंद), % म्हणजे कंपायलर, ^ म्हणजे ज्यावर पॅकेज अवलंबून आहे ते. उरलेल्या गाळलेल्या जागा ‘क्लिंगो’ नावाचा तर्क सोडवणारा प्रोग्रॅम भरतो. ठरलेल्या संपूर्ण रचनेवरून ३२ अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या रचनेची ओळखखूण, निघतो आणि पॅकेज त्या नावाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये बसतं. लायब्ररींचे पत्ते बायनरीतच, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच, कोरले जातात, त्यामुळे एकाच पॅकेजच्या चार आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

गिटने स्पॅकची प्रत उतरवल्यावर (क्लोन केल्यावर) लगेच ‘इन्स्टॉल’ टंकण्याचा मोह आवरा. आधी ‘स्पॅक एक्स्टर्नल फाइंड’ने यंत्रावर असलेल्या गोष्टी नोंदवा. एमपीआयची नोंद मात्र हाताने तपासा, आणि तिथे ‘बिल्डेबल: फॉल्स’ (म्हणजे हे नव्याने बांधू नको) लिहा. हे राहिलं तर स्पॅक स्वतःचं ओपनएमपीआय (एमपीआयचाच एक प्रकार) बांधून मोकळं होतं, आणि त्याला स्लर्मचा, म्हणजे यंत्रावर जॉब वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा, पत्ता नसतो. मग स्लर्मच्या ‘एसरन’ने ४८ प्रोसेस सुरू केल्या की प्रत्येक प्रोसेस स्वतःला एकटी, शून्य क्रमांकाची समजते. एरर येत नाही. तेच गणित ४८ वेळा होतं आणि सगळ्या जणी एकाच आउटपुट फाइलवर तुटून पडतात. उघड चुकीपेक्षा ही गप्प चूक महाग पडते.

म्हणून बांधण्याआधी ‘स्पॅक स्पेक’ला कॅपिटल आयचा पर्याय देऊन अवलंबनांचं पूर्ण झाड वाचा. एमपीआयपुढे कंसात ‘ई’ दिसला म्हणजे यंत्रावरचं वापरलं जाणार. नुसती आडवी रेघ म्हणजे नव्याने बांधलं जाणार.

दुसरी खोच प्रोसेसरची. जिथे बांधणी चालते त्या प्रोसेसरसाठी स्पॅक कोड तयार करतं. आपण आत शिरतो तो लॉगिन नोड नवा आणि प्रत्यक्ष गणित करणारे कम्प्यूट नोड जुने असतील, तर जॉब ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो. टार्गेट, म्हणजे कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते, जुन्या नोडचं द्या, किंवा ‘एक्स८६_६४_व्ही३’सारखं सर्वसाधारण, अर्थात नोड तेवढे असतील तर.

बांधणी मुळात टेम्प फोल्डरमध्ये होते. एलएलव्हीएमसारखं अवाढव्य पॅकेज आलं की ते भरतं. ‘बिल्ड_स्टेज’ ही बांधणीची जागा स्क्रॅचवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या मोठ्या डिस्कवर, न्या. बांधणी फसली तर लॉगच्या शेवटच्या ओळींवर विश्वास ठेवू नका. समांतर बांधणीत खरी चूक बरीच वर असते. पहिला ‘एरर’ शोधा.

यंत्राला इंटरनेट नसेल, तर दुसऱ्या संगणकावर ‘स्पॅक मिरर क्रिएट’ने अवलंबनांसकट सोर्स गोळा करून आणा. क्लिंगोही पहिल्या वापरात नेटवरूनच येतं, हे बरेच जण विसरतात. त्यासाठी ‘स्पॅक बूटस्ट्रॅप मिरर’ वेगळा करावा लागतो.

सहकाऱ्याला द्यायचं तर एन्व्हायर्नमेंट, म्हणजे हव्या त्या पॅकेजांचा एक संच, करा. त्याच यंत्रावर तेच हवं असेल तर सोडवलेली पूर्ण रचना नोंदवणारी लॉक फाइल द्या. दुसऱ्या यंत्रावर मात्र फक्त ‘स्पॅक.वायएएमएल’ ही मागण्यांची फाइल न्यावी आणि तिथे रचना नव्याने सोडवू द्यावी, कारण लॉक फाइलमध्ये मूळ यंत्राचा प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि एमपीआयचा पत्ता जसाच्या तसा बांधलेला असतो.