अग्निशमन सेवा सप्ताह मराठवाड्यात पोचला तो कसा

१४ एप्रिल १९४४ ची दुपार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. धूर दिसला तेव्हा अग्निशमन दलाच्या जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला, पण आगीचं मूळ काही हाती लागेना. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ जवान त्या दिवशी गेले. देशभर १४ ते २० एप्रिलला पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे.

मूळ का सापडलं नाही, हे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. कापसाची गाठ वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. मराठवाड्याचा या सप्ताहाशी धागा जुळतो तो इथं, कापसाशी. बाकी तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तो १९४८ साली मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे मुंबईच्या दलाची परंपरा इकडे उशिरा आणि तुकड्यातुकड्यानं आली.

उशिराचं दुसरं कारण कारभाराचं आहे. आग विझवणं हे नगरपालिका-महापालिकांचं काम. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं ते पालिकांच्या कामांच्या यादीत, म्हणजे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, लिहिलं. पण नांदेडला महापालिका झाली १९९७ मध्ये, लातूर आणि परभणीला २०११ मध्ये, जालन्याला तर २०२३ मध्ये. शहराच्या हद्दीबाहेरचं गाव तालुक्याच्या बंबाकडे नाही तर साखर कारखान्याच्या बंबाकडे डोळे लावून बसतं. तो येईपर्यंत कडब्याची गंज उरत नाही.

लोकांना शिकवायची निकड या भागाला कळली ती आगीतून नव्हे, भूकंपातून. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. किल्लारी परिसरातली दगडमातीची, माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बाहेरची मदत पोचण्याआधी ढिगारा उपसायला हात होते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. त्यानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे झाले, २००५ मध्ये देशाचा कायदाही झाला. मला किल्लारीचा धडा साधा वाटतो : पहिल्या घटकेत जो माणूस जवळ असतो, त्याला काय करायचं ते ठाऊक हवं.

२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००८ च्या डिसेंबरात लागू झाला. त्यानं जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली. यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. कागद त्यामुळे आला. पण अग्निशामक नळकांड्याची पिन कशी ओढायची, हे कागद शिकवत नाही. ते जवानालाच शाळेत, दवाखान्यात, सोसायटीत जाऊन हातानं करून दाखवावं लागतं.

आणि इथं पाण्याचा प्रश्न आहेच. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. त्यानंतर दोनच दिवसांनी अग्निशमन सेवा दिन होता. प्यायचं पाणी आगगाडीनं आणावं लागणाऱ्या शहरात बंब कशानं भरायचा? म्हणून आपल्याकडच्या प्रशिक्षणात पाण्याच्या माऱ्याविना विझवण्याला मोल आहे : कढईतल्या तेलानं पेट घेतला तर वर झाकण, सिलिंडरच्या तोंडाशी जाळ दिसला तर ओलं पोतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि दिव्याचं बटण ना चालू करायचं ना बंद. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. खेड्यात दोन्ही शेजारी-शेजारी भुईवरच मांडलेली दिसतात, तेव्हा जीव धसकतो.

धुराचं शिक्षण मात्र कमी पडलं. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले ६ कामगार दगावले. ३ एप्रिल २०२४ ला, पुन्हा पहाटेच, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत खाली शिलाईचं दुकान पेटलं आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा जीव धुरानं गुदमरून गेला. सप्ताह अकरा दिवसांवर होता. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत सरपटत निघायचं, झोपायच्या जागेला दुसरी वाट ठेवायची, एवढं प्रत्येक घराला माहीत व्हायला हवं होतं.

सप्ताहाच्या वेळेचाही विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी असते, पुढं मुलं वार्षिक परीक्षेत अडकलेली. एप्रिलचं ऊन कडबा आणि गंजींच्या आगींसाठी बरोबर आहे. पण दसरा-दिवाळीला जिनिंगचे गाळे सुरू होतात, कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडते. त्या वेळी गाठी वाहणाऱ्या हमालासमोर कुणी जवान प्रात्यक्षिक करत उभा नसतो.