हासळीच्या आतल्या टोकाचा अस्थिभंग

हासळी, म्हणजे कॉलर बोन, खांद्याला छातीच्या मधल्या हाडाशी (उरोस्थीशी) जोडते. खांद्यावर पडल्याने ती मोडते, पण बहुतेक वेळा मध्यभागी. उरोस्थीला लागून असलेल्या आतल्या एक-तृतीयांश भागातले अस्थिभंग हासळीच्या एकूण अस्थिभंगांपैकी जेमतेम २ ते ५ टक्के असतात. हा भाग जाड असून पहिल्या बरगडीशी बळकट अस्थिबंधाने जखडलेला असतो. म्हणून इथे हाड मोडले, तर मार जबर होता हे गृहीत धरूनच रुग्णाला तपासावे.

सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात. त्याखालोखाल उंचावरून पडणे आणि छातीवर थेट बसलेला मार. सोबत बरगड्या मोडणे, फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचणे, डोक्याला मार लागणे असे बरेच काही असू शकते, आणि त्या धावपळीत हासळीकडे दुर्लक्ष होते. क्वचित फारसा मार न लागताही हाड मोडते: वृद्धांच्या ठिसूळ हाडात, कर्करोग हाडात पसरल्यावर, किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी मानेतील गाठी काढून किरणोपचार घेतलेल्यांत. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका आढळतो, की हे शेवटचे कारण डॉक्टरांनी ध्यानात ठेवायलाच हवे.

पंचविशीच्या आतल्या रुग्णात आणखी एक चकवा असतो. गर्भात सर्वांत आधी हाड बनू लागते ते हासळीत, पण तिचे आतले वाढकेंद्र (टोकाशी वेगळे बनणारे हाड) १८ ते २० वर्षांच्या सुमारास दिसू लागते आणि २३ ते २५ व्या वर्षी मूळ हाडाशी सांधते. तोवर सांधा निखळल्यासारखी दिसणारी इजा प्रत्यक्षात वाढीच्या थरातून झालेला अस्थिभंग असू शकते.

साध्या एक्स-रेत या जागेवर बरगड्या आणि मणक्यांची सावली पडते. एक्स-रे यंत्राची नळी डोक्याच्या दिशेने ४० अंश कलती ठेवून काढलेला एक्स-रे बरा, पण खरा उलगडा सीटी स्कॅनने होतो. ठरावीक ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, सूज असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये. हाडाचा तुकडा मागे सरकला, तर तिथेच श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. धाप लागणे, गिळताना अडकणे, आवाज बसणे, हात सुजणे किंवा बधिर होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी हाडवैद्याकडून चोळून किंवा ओढून घेणे जिवावर बेतू शकते.

तुकडे फारसे सरकले नसतील, तर शस्त्रक्रिया लागत नाही. हात काही आठवडे झोळीत ठेवतात, वेदनाशामके देतात; कोपर आणि बोटांची हालचाल पहिल्यापासून, खांद्याचे हलके व्यायाम दुखणे ओसरू लागल्यावर. वजन उचलणे आणि अंगावर धडकण्याचे खेळ हाड जुळेपर्यंत बंद. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळायला उशीर लागतो.

जखम उघडी असेल, तुकड्याने त्वचा ताणली असेल, मागच्या अवयवांवर दाब असेल किंवा पुढे हाड जुळलेच नाही, तर शस्त्रक्रिया करतात. तुकडे प्लेट-स्क्रूने किंवा मजबूत टाक्यांनी बांधतात. पूर्वी गुळगुळीत तारा घालत. त्या सरकत हृदयात, महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) शिरून मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे इथे त्या टाळतात. तुकडा मागे सरकलेला असल्यास छातीचे शल्यविशारद हाताशी असतील अशाच रुग्णालयात ही शस्त्रक्रिया व्हावी.